आफ्रिका ओलांडण्याचं पंचांग

झांबेझी नदीवर काझुंगुला इथे एक पूल आहे. लांबी ९२३ मीटर. १० मे २०२१ रोजी तो वाहतुकीला खुला झाला. बोत्स्वानाच्या काठावरून निघून झांबियाच्या काठाला टेकायचं, एवढंच त्याचं काम. तरी तो सरळ जात नाही, नदीच्या मध्यावर ठसठशीत वळण घेतो. वळायला लावणारी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, कारण ती पाण्यावर ओढलेली रेघ आहे. बोत्स्वाना, झांबिया, झिंबाब्वे आणि नामिबिया या चार देशांच्या हद्दी इथे जवळजवळ एका बिंदूत भिडतात. पहिल्या दोघांची सामाईक हद्द उरते जेमतेम दीडशे मीटर. पूल सरळ बांधला असता तर तो झिंबाब्वेच्या हद्दीतून गेला असता. म्हणून इंजिनिअरांनी पूलच वाकवला. त्याआधी गाड्या इथे तराफ्यावरून नदी ओलांडत आणि मालट्रक आपली पाळी येईपर्यंत काठावर दिवसेंदिवस खोळंबत.

केप टाउनहून स्वतःची गाडी चालवत उत्तरेला युरोपपर्यंत जायचं ठरवलं, की अशा न दिसणाऱ्या वळणांची गणती करावी लागते. नकाशा पसरला तर काम सोपं वाटतं. संयुक्त राष्ट्रांच्या आफ्रिका आर्थिक आयोगाने खंडभरच्या महामार्गांचं जे जाळं आखलंय, त्यातला चौथा महामार्ग कैरो ते केप टाउन असा आहे. अंतर सुमारे १०,००० किलोमीटर. रोज ३०० किलोमीटर कापले तर पाच आठवड्यांत कैरो. मात्र हा हिशेब करताना आपण गृहीत धरतो की सगळा रस्ता एकाच वेळी अस्तित्वात असतो. तसा तो क्वचितच असतो. त्याचे तुकडे ऋतूप्रमाणे, शिक्क्यांप्रमाणे, सरकारांप्रमाणे उघडतात आणि मिटतात. या प्रवासाचं नियोजन म्हणजे हे सगळे तुकडे ओळीने उघडे सापडतील असा मुहूर्त शोधणं.

सप्टेंबरात निघालेली मोटार

ब्रिटिश साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्सला केप ते कैरो रेल्वे हवी होती. ती सलग कधीच झाली नाही. तिच्यासाठी व्हिक्टोरिया धबधब्यालगत उभारलेला पूल मात्र १९०५ पासून जागेवर आहे. त्याचं उद्घाटन चार्ल्स डार्विनचा मुलगा, गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज डार्विन याने केलं होतं. आज त्याच पुलावरून मोटारीही जातात.

मोटारीने ही वाट पहिल्यांदा सलग कापली ती मेजर चॅप्लिन कोर्ट ट्रीट, त्यांची पत्नी स्टेला आणि त्यांच्या साथीदारांनी. १९२४ च्या सप्टेंबरात दोन क्रॉस्ली ट्रक घेऊन ते केप टाउनहून निघाले आणि १९२६ च्या जानेवारीत कैरोला पोचले. सोळा महिने लागले. गाड्या दणकट होत्या, माणसं त्याहून दणकट होती. चुकला तो महिना. सप्टेंबरात केप सोडलं की ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, पोचेपर्यंत तिथला पावसाळा सुरू होतो, आणि त्या चिखलाने त्यांना महिनोन्महिने रखडवलं.

आफ्रिका खंडाच्या या दक्षिण भागात पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च. खुद्द केप टाउनमध्ये उलटा प्रकार, तिथे पाऊस हिवाळ्यात, म्हणजे मे ते ऑगस्टमध्ये पडतो. केनिया-टांझानियात वर्षाला दोन पावसाळे येतात, मोठा मार्च ते मे आणि धाकटा ऑक्टोबर ते डिसेंबर. इथिओपियाच्या डोंगराळ भागात जून ते सप्टेंबर. त्यापुढे सहारा, जिथे पावसाची भीती नाही, पण मे ते सप्टेंबरचं ऊन गाडी आणि माणूस दोघांनाही सोसवत नाही.

वरवर विस्कळीत दिसणाऱ्या या वेळापत्रकामागे एकच यंत्रणा आहे. विषुववृत्ताच्या आसपास दोन्ही गोलार्धांतले व्यापारी वारे एकमेकांना भिडतात, तापलेली दमट हवा वर चढते आणि ढगांचा एक पट्टा तयार होतो. सूर्य उत्तरायणात असताना हा पट्टा त्याच्यामागून उत्तरेकडे सरकतो, दक्षिणायनात दक्षिणेकडे परततो. केनियावरून तो जाताना एकदा आणि येताना एकदा जातो, म्हणून तिथे दोन पावसाळे. इथिओपिया त्याच्या उत्तर टोकाला, झांबिया दक्षिण टोकाला, म्हणून तिथे एकेकच. आपला मॉन्सूनही याच यंत्रणेचा भाग आहे. जूनमध्ये दक्षिण गोलार्धातले वारे केनियाच्या किनाऱ्यालगत विषुववृत्त ओलांडतात. पूर्व आफ्रिकेच्या उंच पठारांची भिंत त्यांना पश्चिमेकडे जाऊ देत नाही. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते सोमालियाजवळ उजवीकडे वळतात आणि अरबी समुद्रावरची वाफ घेऊन कोकणावर येऊन आदळतात. इथिओपिया आणि केनियाचे डोंगर तिथल्या वाटसरूचा घाट अवघड करतात, आणि तेच डोंगर रत्नागिरीच्या भातशेतीचं पाणीही वळवून देतात.

आता मुहूर्त काढू. जुलैत केप टाउन सोडायचं. ऑगस्टमध्ये बोत्स्वाना आणि झांबिया, तेव्हा तिथे सगळं कोरडं ठणठणीत असतं. सप्टेंबरात टांझानिया, केनिया. ऑक्टोबरात इथिओपिया, म्हणजे पाऊस नुकताच संपलेला आणि डोंगर पिवळ्या रानफुलांनी भरलेले. नोव्हेंबरात सुदान, डिसेंबरात इजिप्त, दोन्हीकडे हवा सुखाची. यात एक गंमत दडलेली आहे. सप्टेंबरनंतर ढगांचा पट्टा दक्षिणेकडे निघालेला असतो आणि गाडी उत्तरेकडे. दोघांची गाठ टळत नाही. ती डांबरावर पडावी की मातीवर, एवढंच आपल्या हातात राहतं.

गाडीचा पासपोर्ट

माणसाचा पासपोर्ट सगळ्यांना ठाऊक असतो. गाडीचाही असतो, त्याला कार्ने द पासाज म्हणतात. परक्या देशात मोटार नेली की तिथल्या कस्टम्सला पहिली शंका येते, हा माणूस गाडी इथेच विकून मोकळा झाला तर? मग आयात जकात बुडाली. प्रत्येक सीमेवर जकातीएवढी रक्कम भरायची आणि बाहेर पडताना परत मागायची, हे कुणालाच जमणारं नाही. म्हणून जगभरच्या मोटार संघटनांनी मिळून ही हमीची साखळी उभी केली. आपल्या देशातली संघटना आपल्याकडून अनामत किंवा बँकेची हमी घेते आणि एक चोपडी देते. चोपडीच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना एक भाग कस्टम्स फाडून घेतं, बाहेर पडताना दुसरा, आणि दोन्ही शिक्के ज्यावर उमटले आहेत तो तिसरा तुकडा चोपडीत राहतो. तोच पुरावा. एक शिक्का राहून गेला तर त्या देशाच्या लेखी गाडी आत शिरली आणि कधी बाहेर पडलीच नाही. पुढे ती जळून खाक झाली तरी हिशेब चुकत नाही, कस्टम्सचा तसा दाखला लागतोच.

भारतातल्या गाडीला ही चोपडी मिळते ती मोटार संघटनांकडूनच. मुंबईत चर्चगेटला कचेरी असलेली आणि १९१९ साली स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही त्यांपैकी एक. चोपडीची मुदत वर्षभराची. अनामत किती, हे गाडीची किंमत आणि वाटेतला सर्वांत कडक देश यांवर ठरतं. पूर्वेच्या, म्हणजे केनिया-सुदानच्या वाटेवर तो देश इजिप्त. मोठ्या इंजिनाच्या मोटारींवर तिथली जकात गाडीच्या किमतीलाही मागे टाकते, शिवाय परक्या गाडीला आत शिरताना अरबी आकड्यांची तात्पुरती नंबरप्लेट लावावी लागते.

उलट टोकाला दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोत्स्वाना, लेसोथो आणि एस्वातिनी. या पाच देशांचा जकातसंघ १९१० पासूनचा आहे आणि आज चालू असलेल्यांत तो जगातला सर्वांत जुना मानला जातो. या पाचांच्या आत गाडीवर जकातीचा प्रश्न येत नाही. म्हणजे युरोपने एकत्र बाजारपेठेचा विचार करण्याच्या कितीतरी आधीपासून खंडाच्या या टोकाला ती गोष्ट चालू होती.

पुढे दोन पिवळे कागद लागतात. एक विम्याचा. झांबियापासून इथिओपिया-सुदानपर्यंतच्या बऱ्याच देशांत चालणारं, कोमेसा या पूर्व आणि दक्षिण आफ्रिकी देशांच्या व्यापारसंघाचं पिवळं कार्ड एकदा घेतलं की दर सीमेवर नवा विमा काढावा लागत नाही. दुसरा कागद पीतज्वराच्या लशीचा. लस टोचल्यावर दहा दिवसांनी तो लागू होतो, आणि जुलै २०१६ पासून जन्मभर चालतो. पूर्वी दर दहा वर्षांनी पुन्हा टोचून घ्यावं लागे.

व्हिशांचं गणित याहून नाजूक. बरेचसे व्हिसा दिल्या तारखेपासून ठरावीक मुदतीत वापरावे लागतात, तेव्हा सगळे घरून घेऊन निघता येत नाही. पुढच्या देशाचा व्हिसा अलीकडच्या राजधानीत बसून मिळवायचा, असा क्रम लावावा लागतो. इथिओपियात तर तारखेचाच प्रश्न. तिथलं कॅलेंडर तेरा महिन्यांचं, आपल्या रोजच्या सनापेक्षा सात-आठ वर्षं मागे, आणि नवं वर्ष सप्टेंबरात. घड्याळाचा दिवस उजाडताना सुरू होतो, त्यामुळे आपले सकाळचे सात म्हणजे तिथला एक. सूर्योदयाची तिथी मानणाऱ्या आपल्याला यात फार परकं वाटू नये, पण सीमेवरच्या परवान्यावर कुठली तारीख लिहिली आहे हे मात्र नीट विचारून घ्यावं.

नवी गाडी नको

गाडी निवडताना शहाणपण उलटं चालतं. सर्वांत नवी, सर्वांत स्वच्छ धूर सोडणारी डिझेल मोटार इथे सर्वांत आधी रुसू शकते. भारतात एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेलमध्ये गंधकाचं प्रमाण दर दशलक्ष भागांत १० वर आलं, युरोपात ते त्याआधीच आलं होतं. त्या इंधनासाठी घडवलेली गाळणी आणि उत्प्रेरक जादा गंधकाने बिघडतात. पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी २०१५ मध्ये ५० भागांची मर्यादा स्वीकारली, पण खंडात इतरत्र गंधक त्याच्या अनेक पट असू शकतं. म्हणून अनुभवी प्रवासी साधं, फारसं इलेक्ट्रॉनिक्स नसलेलं जुनं डिझेल इंजिन शोधतात. त्याचे सुटे भाग आडगावच्या गॅरेजातही मिळतात आणि मेकॅनिकच्या हातांना ते ओळखीचं असतं.

गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे असावं की डावीकडे? केपपासून केनियापर्यंत रहदारी आपल्यासारखी डावीकडून. केनिया-इथिओपिया सीमेवरच्या मोयाले गावात बाजू बदलते. इथिओपिया १९६४ मध्ये उजवीकडे गेला, सुदान १९७३ मध्ये. मोरोक्कोकडे जाणाऱ्या दुसऱ्या, पश्चिमेच्या वाटेवर हाच बदल नामिबिया आणि अंगोलाच्या सीमेवर होतो. नायजेरिया आणि घाना हे देशही ब्रिटिशांचा डावा हात सोडून अनुक्रमे १९७२ आणि १९७४ मध्ये उजवीकडे वळले, कारण त्यांचे शेजारी फ्रेंचांच्या पद्धतीने उजवीकडून चालत होते. म्हणजे कुठलीही गाडी घ्या, अर्ध्या वाटेवर ओव्हरटेक करताना शेजारी बसलेल्याला विचारावं लागणारच.

मग येतो कच्चा रस्ता, आणि त्यावर पडणाऱ्या आडव्या लाटा. पन्हळी पत्रा जमिनीवर आडवा अंथरावा तसा मैलोगणिक रस्ता. बोल्ट सैल होतात, दात वाजतात. या लाटा गाडीच्या स्प्रिंगांमुळे पडतात असं बरीच वर्षं मानलं जाई. २००७ साली निकोला तॅबर्ले, स्टीफन मॉरिस आणि जिम मॅकएल्वेन या संशोधकांनी फिरत्या गोल थाळ्यात वाळू पसरून तिच्यावर साधं चाक टेकवलं. स्प्रिंग नसतानाही लाटा उमटल्या. एका ठरावीक वेगापेक्षा चाक हळू असेल तर वाळू सपाट राहते. तो वेग ओलांडला की आपोआप लाटा सुरू होतात. पाण्यावर भाकरी मारताना दगड टप्पे घेतो, त्यामागचं गणितही याच जातीचं निघालं. तो वेग इतका कमी असतो की प्रत्यक्षात कुठलीच मोटार त्याखाली चालत नाही. सपाट कच्चा रस्ता हवा असेल तर सगळ्यांनी पायी जाण्याच्या वेगाने गाड्या हाकाव्या लागतील.

वाळवंटातली विद्या मात्र फार आधीच लिहून ठेवली गेली. १९२० आणि ३० च्या दशकांत इजिप्तमध्ये नेमणुकीवर असलेले ब्रिटिश लष्करी अधिकारी राल्फ बॅगनोल्ड सुट्टीत साध्या फोर्ड मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटात शिरत. टायरमधली हवा कमी केली की टायर पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि वाळू गाडी पेलते. रुतलेल्या चाकाखाली घालायला त्यांनी खंदकांच्या छपरांसाठी बनवलेल्या पोलादी पन्हाळ्या कैरोच्या भंगारातून उचलल्या. मोटारीच्या लोखंडाने होकायंत्र भरकटतं, म्हणून सूर्याच्या सावलीवर चालणारं दिशायंत्र वापरलं. रेडिएटरची वाफ वाया जाऊ नये म्हणून ती डब्यात पकडून पुन्हा पाणी केलं. वाळू वाऱ्याने कशी उडते यावरचा त्यांचा १९४१ चा ग्रंथ पुढे मंगळावरच्या वाळूच्या टेकड्या समजून घ्यायलाही उपयोगी पडला. आजही उत्तरेकडे निघालेल्या प्रत्येक गाडीत टायरच्या हवेचा मापक, छोटा कॉम्प्रेसर आणि चाकाखाली घालायच्या फळ्या असतात.

डांबर येतं, वाट जाते

या वाटांचा गेल्या काही वर्षांचा इतिहास ओळीने मांडला, की थक्क व्हायला होतं. केनियातला मार्साबित-मोयाले हा टप्पा दरोडेखोर आणि दगडगोट्यांसाठी कुप्रसिद्ध होता. २०१६-१७ च्या सुमारास तिथे अखंड डांबर आलं. २०२० च्या नोव्हेंबरात सीमेपलीकडे इथिओपियाच्या उत्तरेत युद्ध पेटलं.

इजिप्त आणि सुदान यांच्यामध्ये आस्वानच्या धरणाचं अवाढव्य सरोवर आहे. त्याच्या पाण्यात जुनं वादी हाल्फा गाव बुडालं आणि रस्ताही. मग कित्येक वर्षं आठवड्यातून एक बोट माणसं नेई, गाड्या वेगळ्या बार्जवरून मागाहून येत, आणि मालक काठावर वाट पाहत बसत. २०१४ मध्ये अखेर जमिनीवरून सीमा उघडली. १५ एप्रिल २०२३ रोजी खार्तूममध्ये सुदानची दोन सैन्यं एकमेकांवर तुटून पडली आणि पूर्वेची वाट प्रवाशांपुरती मधोमध तुटली.

मग पश्चिमेची वाट. नामिबिया, अंगोला, दोन्ही काँगो, गॅबन, कॅमेरून, नायजेरिया, घाना, सेनेगल, मॉरिटानिया, मोरोक्को. तिथेही तेच. कॅमेरूनमधला मामफे ते एकोक हा टप्पा पावसात मालट्रक गिळायचा. चाकोऱ्या माणसाच्या उंचीएवढ्या. साधारण २०१३ पर्यंत तिथे गुळगुळीत महामार्ग झाला, आणि तीन-चार वर्षांत त्याच इंग्रजीभाषक भागात सशस्त्र बंड उभं राहिलं. प्रवासी मग चांगला रस्ता सोडून उत्तरेला मांबिला पठाराकडच्या दगडधोंड्यांतून नायजेरियात शिरू लागले.

कुणी म्हणेल योगायोग. पण डांबर टाकायला कंत्राटदार, कर्ज आणि रोलर पुरतात, आणि रस्ता वाहता ठेवायला दोन्ही टोकांच्या सरकारांना एकमेकांचा आणि स्वतःच्या माणसांचा भरवसा लागतो. अल्जीरिया आणि मोरोक्को यांच्यामधले रस्ते उत्तम आहेत. त्यांची जमिनीवरची सीमा ऑगस्ट १९९४ पासून बंद आहे. किन्शासा आणि ब्राझाव्हिल या दोन राजधान्या काँगो नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दिसतात. मध्ये पूल नाही.

कधी कधी याच्या उलटही घडतं, आणि डांबर नसताना वाट चालू असते. मॉरिटानियात नुआदिबू ते नुआकशोत रस्ता साधारण २००५ मध्ये झाला. त्याआधी गाड्या त्यातला मोठा टप्पा अटलांटिकच्या किनाऱ्यावरून कापत, ओहोटी लागली की ओल्या, घट्ट वाळूवरून. भरती यायच्या आत टप्पा संपवायचा. तो राष्ट्रीय राजधानीला जाणारा रस्ता होता आणि त्याचं वेळापत्रक चंद्राकडे होतं.

शेवटचे चौदा किलोमीटर

मोरोक्कोतून टँजियरला पोचलं की समोर स्पेन दिसतो. जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी चौदा किलोमीटर रुंद आहे. टँजियर ते तारिफा बोटीला तासभर लागतो. समुद्राखालून बोगदा काढण्याचा विचार दोन्ही देश १९७९ पासून करत आहेत.

एकेकाळी मात्र इथे बोट लागली नसती. १९७० मध्ये ग्लोमार चॅलेंजर या संशोधन जहाजाने भूमध्य समुद्राच्या तळाला छिद्रं पाडली. वर आलेल्या नमुन्यांत, समुद्र उन्हात आटल्यावर मागे राहतात तसे क्षार होते. तळाखाली मिठाचा थर काही ठिकाणी दीड-दोन किलोमीटर जाड आहे. त्यातून उलगडा झाला तो असा. सुमारे ६० लाख वर्षांपूर्वी आफ्रिका आणि युरोपचे भूखंड एकमेकांकडे सरकताना अटलांटिकशी असलेली वाट बुजली आणि भूमध्य समुद्र बहुतांशी आटून गेला. सुमारे ५३ लाख वर्षांपूर्वी जिब्राल्टरपाशी बांध फुटला आणि अटलांटिक आत घुसला. मधली लाखो वर्षं केपपासून युरोपपर्यंत सलग जमीन होती, एकही बोट न लागणारी, एकही सीमा नसलेली. गाडी मात्र नव्हती, आणि ती चालवणारा माणूसही अजून व्हायचा होता.

आफ्रिकेचा भूखंड आजही वर्षाला काही मिलिमीटर युरोपकडे सरकतो आहे. ही सामुद्रधुनी पुन्हा बुजेल असं भूशास्त्राचं गणित सांगतं. त्या मुहूर्ताला फारच अवकाश असल्यामुळे तारिफाच्या बोटीचं तिकीट काढलेलं बरं. आणि बोटीत चढण्याआधी टँजियरच्या बंदरात मोरोक्कोचं कस्टम्स गाडी देशाबाहेर गेल्याची नोंद करतंय ना, हे उभं राहून पाहावं. ती राहिली तर सगळा खंड ओलांडूनही कागदोपत्री गाडी आफ्रिकेतच राहते.